तांबडीचं वजन

लहानपणी आमच्या घरी कोंबड्या पुष्कळ होत्या, पण अंडं खाणारं कोणी नव्हतं. अंडी विकायची असत. घरात कोणाला ताप आला तर एक उकडून मिळायचं, म्हणून आम्ही भावंडं थोडंसं अंग गरम झालं तरी कण्हायला लागायचो. माय कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, "अंड्याचा ताप हाये. ऊठ, पाणी आण."

माय आणि बाबा दोघंही दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जायचे. कापसाच्या दिवसांत माय अंधार असताना निघायची आणि परत आल्यावर तिच्या बोटांना बोंडाच्या टोकांनी ओरखडे पडलेले असायचे. सिंदी रेल्वेपासून आमचं गाव फार दूर नाही, पण तेव्हा आमच्यासाठी सिंदी म्हणजेही शहर. घर एका खोलीचं, वर पत्र्याच्या टिना. उन्हाळ्यात टिना तापायच्या, हिवाळ्यात गार पडायच्या, आणि दोन्ही ऋतूंत कोंबड्या आमच्याच खोलीत झोपायच्या, कारण बाहेर मुंगूस होतं. मी दहावीचा अभ्यास कोंबड्यांशेजारी बसून केला आहे. कोणी मला विचारलं की प्राणिशास्त्राची आवड कशी लागली, तर मी म्हणते, पर्यायच नव्हता.

पुढे कॉलेजला वर्ध्याला जायची वेळ आली, तेव्हा रेल्वेचा पास कोंबड्यांनी काढला. माय दर महिन्याला कोंबडे विकायची आणि पास माझ्या हातात ठेवायची. असं करत करत मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातच नाही, विहाराच्या बाजूच्या आमच्या अख्ख्या ओळीत पहिली. हे मी लपवत नाही. कोणी विचारलं नाही तरी सांगते.

"सांगजो, सांगजो," माय म्हणते, "पण आधी खुराडा झाडून घे."

आता मी सिंदीच्या एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवते. घराला स्लॅबची एक खोली वाढली. बाबांनी थोडं वावर मक्त्यानं घेतलं आहे. कोंबड्यांवाचून अडेल असं आता आमचं काही नाही, पण मायला कोंबड्यांशिवाय अंगण म्हणजे घर पाडल्यासारखं वाटतं. त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात मानमोडीची साथ आली आणि एकेक कोंबडी मान वाकडी करून पडायला लागली, तेव्हा घरात जे सुतक होतं ते मी सांगू शकत नाही. सगळ्या गेल्या. वाचली ती एक तांबडी. तीच का वाचली, ते प्राणिशास्त्र शिकूनही मला सांगता येत नाही.

तांबडी दिसायला काही खास नाही. पण बसायला अख्ख्या गावात तिच्यासारखी नाही. म्हणजे अंड्यांवर बसायला. काही कोंबड्या खुडूक होतात, दोन दिवस बसतात आणि कंटाळून उठतात. तांबडी एकदा खुडूक झाली की तिच्याखाली बटाटे ठेवले तरी उबवायला तयार. आमच्याकडे अशी कोंबडी घरच्यांपुरती राहत नाही. शेजारीण आपली अंडी घेऊन येते, तुमच्या कोंबडीखाली ठेवते, आणि पिल्लं निघाली की निम्मी तिची, निम्मी तुमची. लिहिणं नाही, बोलणं नाही. ओळीत सगळ्यांना माहीत असतं.

साथीनंतर सगळ्यांचीच खुराडी रिकामी झाली होती. अंडी बाहेरगावाहून आणता येत होती, पण बसायला कोंबडी नव्हती, म्हणून सगळ्यांना तांबडी पाहिजे होती.

पहिली बैठक आमची. मामाच्या गावाहून, तिकडे जामकडून, मायनं पिशवीत भुसा घालून अंडी आणली. पिल्लं निघाली. पण तांबडी खुडूकच. तोवर मागच्या घरची काकू अंडी घेऊन दारात उभी. माय म्हणाली, "बसूनच हाये तं बसू दे." पिल्लं काढून टोपल्याखाली ठेवली आणि तांबडीखाली काकूची अंडी सरकवली. ती पिल्लंही निघाली. तीही काढली. मग समोरची मावशी आली. ही मावशी आणि माय वर्षानुवर्षं वावरात शेजारी-शेजारी, एकाच पातीला कापूस वेचतात. एकमेकींना कधी नाही म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. तिची अंडीही सरकवली. इकडे आईवाचूनची पिल्लं अंगणात फिरायची. काही घारीनं नेली, काही शेजारच्या बोक्यानं. शेवटी आमच्या वाट्याला एकही राहिलं नाही. म्हणजे इतकं सगळं करून घरात कोंबडी तीच एक.

एका सकाळी मी झाडायसाठी तांबडीला उचललं. कोंबडी हातात आली, पण वजन आलं नाही. छातीचं हाड विळ्याच्या पातीसारखं लागत होतं. तुरा पांढुरका पडला होता. मी मायला हाक मारली.

"तिची काठीच बारीक हाये," माय म्हणाली. तांबडीबद्दल ती वाईट ऐकून घेत नाही.

बाबा चहा पीत होते. त्यांनी लांबूनच निकाल दिला. "कापून टाका. मेल्यावर कोणाच्या कामाची?"

"आधी वजन तं पाहू," मी म्हणाले.

घरात वजनकाटा होता, कापूस मोजायचा, आकड्याचा. तांबडीला पिशवीत घातलं, तोंड बाहेर ठेवलं आणि आकड्याला लटकावलं. काट्यानं दखलच घेतली नाही. सुई जिथं होती तिथंच. बाबा जवळ येऊन वाकून पाहायला लागले. "कोंबडी टाकली का नुसती पिशवी?"

शेवटी तिला घेऊन किराणा दुकानात गेले. दुकानदारानं साखरेच्या काट्यावर कागद अंथरला. मागे उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, "काय भाव देऊन राह्यले?" काटा आठशे ग्रॅमच्या वर थोडा सरकला, आणि तेवढ्यात तांबडीनं कागदावरच थोडं वजन कमी करून टाकलं. गावरान कोंबडी असली तरी तिनं सव्वा-दीड किलोच्या घरात असायला पाहिजे. ही जवळजवळ निम्मी उरली होती.

मी सुटी टाकली, अंडी गोधडीत गुंडाळून चुलीशेजारी ठेवली आणि तांबडीला डाल्यात घालून सेलूच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायला निघाले. मायही आली. म्हणाली, तुला सांगता येणार नाही. दवाखान्यात बैल होते, म्हशी होत्या, एक बकरी होती. एका कोंबडीसाठी दोन बाया आलेल्या पाहून बैलवाल्यानं डोक्याचा शेला सोडून परत बांधला, हसू लपवायला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तांबडीला उलटी-सुलटी पाहिली, छाती चाचपली, डोळ्याची पापणी वर केली.

"अंड्यांवर बसलीय ना? कितवी बैठक?"

माय बकरीकडे पाहायला लागली.

"माय, विचारून राह्यल्या त्या."

"दुसरी," माय म्हणाली. मग थोडं थांबून, "अन् एक."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की रोग असा काही मोठा नाही, पोटात जंत आहेत, पण मुख्य म्हणजे ही उपाशी आहे. खुडूक कोंबडी दिवसातून एखाद्या वेळी उठते, दोन दाणे टिपते आणि परत बसते. एका बैठकीचं भरून काढायला तिला पिल्लांमागे फिरून खायला मिळालं पाहिजे. हिला ते मिळालंच नाही. त्यात थंडी. "आज-उद्याच अंड्यांवरून उठवा. नाही उठवलं तर ही बसल्या जागी जाईल."

जंताचं औषध आणि ताकदीची पावडर घेऊन आम्ही एसटीत बसलो. डालं मायच्या मांडीवर.

"मावशीले शब्द देल्ला ना मी," ती म्हणाली.

"तांबडी मेली तं शब्दावर कोण बसंन?"

 डाल्याच्या फटीतून बोट घालून माय तांबडीची मान खाजवत राहिली.

घरी आल्यावर मावशी दारातच होती. औषधाची बाटली पाहून तिला सगळं कळलं. "काऊन वं, अर्ध्यातून उठवतं काय? अंडे भरून आले ना माहे!"

"मरून राह्यली ते," माय खाली मान घालून म्हणाली.

"तुह्या बीएस्सीवालीनं सांगतलं असंन."

आता माझ्या डिग्रीवर आलं म्हटल्यावर मी गप्प बसणार नव्हते. "मावशी, तुझे अंडे वाया नाई जाऊ देत. मी उबवते."

मावशीनं मला खालून वर पाहिलं. "तू बसतं काय त्याच्यावर?"

समोरच्या ओसरीवरच्या दोघी-तिघी हसल्या. मी म्हणाले, पेटी करते, बल्ब लावते. मोठ्या कंपन्या तसंच करतात. माय माझ्याकडे अशी पाहत होती, जशी माझ्या परीक्षेच्या निकालाच्या दिवशी पाहायची.

औषधांच्या दुकानातून थर्माकोलचा खोका आणला. आत भुसा, पाण्याची वाटी, कडेला बल्ब. बल्ब लावला, खोका बंद केला, ताप पाहायचं थर्मामीटर आत ठेवलं. पुष्कळ वेळानं पाहिलं तर खोका गारच. बल्ब एलईडी होता. आजकाल दुकानात दुसरा मिळत नाही, आणि एलईडी फक्त उजेड देतो.

माय खोक्यात डोकावली. "चांगला उजेड पडला. पिल्लं अंड्यातच वाचाले शिकतीन."

नशीब, दवाखान्यातून आल्याबरोबर अंडी परत तांबडीखालीच ठेवली होती. मी किराणा दुकानदाराच्या मागे लागले, तेव्हा त्याच्या माळ्यावरच्या खोक्यातून जुने पिवळे बल्ब निघाले. धुळीचे, पण चालणारे. संध्याकाळी खोका बरोबर तापला. मग एकेक अंडं तांबडीखालून काढून मी त्यात ठेवलं. तांबडीनं टोची मारली नाही, फुगली नाही. तेव्हाच मला भीती वाटली. खुडूक कोंबडी अंडं काढताना हात फोडते.

अंडी उचलली म्हणजे खुडूक गेली असं होत नाही. ती कोपऱ्यात जाऊन तशीच बसायची. मी हेल्मेट खाली ठेवलं तर हेल्मेटमध्ये. बाबांची चप्पल दिसली तर चपलेवर. खुडूक मोडायला आमच्याकडे कोंबडीला पाण्यात बुडवतात, नाहीतर तिच्या नाकातून पीस ओवतात. मावशी पीस घेऊनच आली. मी म्हणाले, "आधीच अर्धी झाली, त्यात नथ कायले?" शेवटी मी जुन्या खिडकीची जाळी चार विटांवर ठेवली आणि तांबडीला त्यावर डाल्याखाली बसवलं. खालून वारं लागलं, पोटाला ऊब नाही मिळाली, की खुडूक उतरते. दिवसा उन्हात, आणि दिवस मावळला की आत पोत्यावर.

खाण्याचं वेगळंच भांडण. मी उकडलेलं अंडं कुस्करून तिच्यापुढे ठेवलं, तर माय दोन पावलं मागे सरली. "तिलेच अंडं चारतं? अव, आपल्या जातीचं खाते काय कोणी!"

"माय, पिवळ्यात ताकद असते."

"तुम्हाले ताप आल्याशिवाय नाई देल्लं मी, अन् हे बसली मेजवानीले."

पण तांबडीनं दोन टोची मारल्या आणि तिसरी मारली नाही, तेव्हा तेच पिवळं मायनं स्वतःच्या बोटांवर घेतलं आणि तिची चोच उघडून भरवलं. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, गुळाचं पाणी कापसाच्या बोळ्यानं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवेलागणीला एकदा. बाबा वावरातून येताना वाळवी लागलेलं एक लाकूड घेऊन आले आणि अंगणात आपटलं.  वाळवी पाहून तांबडीची मान जरा हलली. बाबा म्हणाले, "लाकूड जड होतं, म्हणून उतरवलं."

तरी एक दिवस असा आला, की सकाळी तिनं मानच उचलली नाही. डोळे अर्धे मिटलेले, पंख सैल. माय तिच्याजवळ उकिडवी बसली होती. तेवढ्यात बाबा घरातून विळा घेऊन बाहेर आले.

आमच्याकडे मरायला टेकलेली कोंबडी जीव जायच्या आधी कापतात. यात निर्दयपणा नाही, रीत आहे. पण मायनं विळा पाहिला आणि ती उभी झाली.

"इच्या आजीनं पोट्टीचा पास काढला. इच्या मायनं पोट्टीले बीएस्सी केलं. अन् तुम्ही विळा घेऊन आले?"

बाबा विळ्याकडे पाहत राहिले. "अव, मी पालक चिराले घेतला."

"पालक कुठी हाये?"

पालक कुठेही नव्हता. पण बाबा गेले आणि काकूच्या वाफ्यातून मूठभर पालक तोडून आले, आणि आम्हा दोघींसमोर बसून तो बारीक चिरला. आमच्या घरात बाबांनी भाजी चिरली ती तेवढीच. त्यातलाच थोडा पालक मायनं कण्यांत मिसळून तांबडीला भरवला. दुपारी मी शाळेतून फोन केला. माय म्हणाली, "उभी हाये. पण तुह्या बाबावर नजर ठेवून हाये."

त्याच दिवसांत एका सकाळी लाइट गेली. मी शाळेत, खोक्यात मावशीची अंडी, आणि बाहेर गार वारं. माय वेचायला गेलेली. घरी एकटे बाबा. मी फोनवर सांगितलं, की प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून खोक्यात ठेवा, वरून गोधडी घाला. बाबा म्हणाले, हाव. पण बाटल्या लवकर गार व्हायला लागल्या, चुलीवर पाणी किती वेळा तापवणार? मग त्यांनी आपल्या डोक्यानं उपाय काढला. अंडी टोपीत घेतली, टोपी पोटाशी धरली, आणि गोधडी पांघरून ओसरीवर मांडी घालून बसले.

मावशी वेचून दुपारी मायच्या आधीच परत आली, ती पाहून दारातच थांबली. मग तिनं अख्ख्या ओळीला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"अव या वं पाहाले! भाऊजी खुडूक बसले!"

बाया जमल्या. एकीनं कण्या आणून त्यांच्यापुढे ठेवल्या. बाबा हलले नाहीत. "हसा," ते म्हणाले, "पण माह्या जवळ येजा नोका, अंडे हालतीन." लाइट येईपर्यंत ते तसेच बसले. मी परत आले तेव्हा त्यांचे पाय बधिर झाले होते आणि अंडी गरम होती. आजही ओळीतल्या बाया त्यांना कधीकधी विचारतात, "भाऊजी, पुढची बैठक केव्हा?"

पिल्लं निघाली. सगळ्या अंड्यांतून नाही, पण निम्म्याहून जास्त अंड्यांतून निघाली. पहिलं कवच फुटलं तेव्हा मी वर्गात होते, म्हणून ते पाहायला मिळालं मायला आणि मावशीला. दोघी खोक्याच्या दोन बाजूंना वाकल्या होत्या म्हणे, आणि दोघींपैकी कोणी कोणाला टोमणा मारला नाही.

तोवर तांबडी अंगणात फिरायला लागली होती. खुडूक उतरली होती, तरी संध्याकाळी एक पिल्लू तिच्या पंखाखाली सरकवून पाहिलं, तर तिनं ठेवून घेतलं. मग सगळीच दिली. आता मात्र मायनं ती काढली नाहीत. तांबडी पिल्लांमागे उकिरडा उकरत फिरली, पिल्लांबरोबर स्वतःही खात गेली, आणि बोका दिसला की अशी फुगायची, की बोक्यानंच रस्ता बदलला. वाटणीच्या दिवशी मावशी आली, तर माय म्हणाली, "वाटणी पिल्लं मोठी झाल्यावर. तोवर सगळी इच्याजवळ राह्यतीन."

मावशी कमरेवर हात ठेवून उभी. "कायदा बदलला काय तुमच्या ओसरीवर?"

"हाव, बदलला."

दवाखान्यातून मी मानमोडीची लस आणली आणि पिल्लांच्या डोळ्यांत थेंब घातले. मावशीनं एकेक पिल्लू धरलं. मग तिनंच ओळीत सांगितलं, आणि एका रविवारी आमच्या अंगणात अख्ख्या ओळीची, बाजारातून आणलेलीसुद्धा, पिल्लं रांगेला होती. मी थेंब घालत होते आणि बाया म्हणत होत्या, हळू घाल, लहान आहे.

त्याच रविवारी मागच्या घरची काकू मायला म्हणाली, "पुढची बैठक माही. तांबडी पुन्हा खुडूक झाली का मी अंडे आणतो."

माय पिल्लाचं तोंड पुसत होती. तिनं वरही पाहिलं नाही.

"नाई."

"नाई म्हंजे?"

"नाई म्हंजे नाई. एक बैठक झाली का मग इचा आराम. तुले घाई असंन तं आमच्या घरी ते हायेत ना बसाले."

काकू हसली, बाबा आत गेले. पण माझ्या मायनं ओळीतल्या कोणाला नाही म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तांबडी वाचली. परवा तिचं वजन केलं, एक किलो चारशे भरलं. आता खुराड्यात ती एकटी नाही. तिच्याबरोबर आमच्या वाट्याच्या, लस दिलेल्या कोंबड्या झोपतात, आणि त्यातल्या दोघी अंडी द्यायला लागल्या आहेत.